बसची पहिली पायरी



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना लांबलचक प्रस्तावनांचा कंटाळा होता असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. तेव्हा त्यांना नमस्कार करून थेट विषयाला हात घालतो. संयोजकांनी मला दिलेला विषय 'देशोदेशींचं अपंग जीवन' असा आहे. या विषयावर बोलणारे बहुतेक वक्ते पाचदहा देशांची नावं घेतात, तिथल्या सोयींची यादी वाचतात आणि 'आपल्याकडे मात्र' असं म्हणून उसासा टाकतात. तो उसासा मला टाकायचा नाही. म्हणून विषय मी माझ्या मापाचा करून घेतला आहे. मी आज बसबद्दल बोलणार आहे.

बसच का? मला लहानपणी पोलिओ झाला. एका पायाला कॅलिपर आणि काखेत कुबडी घेऊन माझं शिक्षण झालं, नोकरी झाली, आणि या सगळ्यात मला सर्वांत जास्त अडवलं ते एसटीच्या पहिल्या पायरीनं. शाळा चांगली असेल, मास्तर प्रेमळ असतील, नोकरीत आरक्षण असेल. पण तिथवर जायचं कसं हा प्रश्न या सगळ्याच्या आधी येतो. एखाद्या गावात अपंग माणसं रस्त्यावर दिसत नाहीत तेव्हा ती गावात नसतात असं नव्हे. ती घरात असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात 130 कोटी माणसं, म्हणजे साधारण सहातलं एक माणूस, लक्षणीय अपंगत्व घेऊन जगतं. आपल्या 2011च्या जनगणनेत मात्र हे प्रमाण 2.21 टक्के निघालं. मोजणाऱ्यानं दारात उभं राहून काय विचारलं आणि घरच्यांनी काय लपवलं, यावर हा आकडा ठरतो. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

कुठल्या देशात अपंग माणूस कसा जगतो हे पाहायला माझं एक साधं माप आहे. सकाळी घरातून निघून संध्याकाळी परत येईपर्यंत त्याला किती जणांचे आभार मानावे लागतात? मला आभार मानायचं वावडं नाही. आयुष्यभर अनोळखी माणसांनी मला हात दिला, दंडाला धरून वर ओढलं, 'काका, सावकाश' म्हणत जागा करून दिली. ती माणसं नसती तर मी आज इथे नसतो. पण ज्याला दर फर्लांगावर 'उपकार झाले' म्हणावं लागतं तो माणूस हळूहळू बाहेर पडणं कमी करतो. लाजेनं नाही, थकून.

आता 1977 सालच्या एप्रिल महिन्यात चला. त्या एका महिन्यात पॅसिफिक महासागराच्या दोन्ही काठांवर दोन घटना घडल्या.

पहिली सॅन फ्रान्सिस्कोतली. अमेरिकेत 1973 साली पुनर्वसन कायदा झाला होता. त्याच्या 504 क्रमांकाच्या कलमात म्हटलं होतं की केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही संस्थेला अपंगत्वामुळे कुणाला वगळता येणार नाही. वाक्य छान होतं. पण त्याची नियमावली निघाल्याशिवाय त्याचा उपयोग शून्य, आणि नियमावली चार वर्षं सहीसाठी पडून होती. म्हणजे फाइल दाबून ठेवणं हे काही आपलं एकट्याचं कसब नव्हे. शेवटी 5 एप्रिलला दीडेकशे माणसं सरकारी कचेरीत शिरली आणि तिथेच बसली. व्हीलचेअरवरची, आंधळी, बहिरी, सेरेब्रल पाल्सी असलेली. कुणाला रात्री कुशीवर वळवायला माणूस लागायचा, कुणाची औषधं घरी राहिली होती. कचेरीतले फोन तोडले गेले तेव्हा बहिऱ्या आंदोलकांनी खिडकीत उभं राहून हातांच्या भाषेत बाहेरच्यांना निरोप दिले. पोलिसांना ती भाषा येत नव्हती, त्यामुळे या फोनची तार कापायची सोय नव्हती. जेवण आणलं ते ब्लॅक पँथर पक्षाच्या कार्यकर्त्यांनी, रोज, गरम. 28 एप्रिलला मंत्र्यांनी सही केली.

या आंदोलनाच्या पुढाऱ्यांत ज्युडिथ ह्यूमन ही पोलिओ झालेली तरुणी होती. 1970 साली न्यूयॉर्कमध्ये तिला शिक्षिकेचा परवाना नाकारला गेला होता. शाळेला आग लागली तर ही बाई स्वतः कशी बाहेर पडणार आणि मुलांना कशी काढणार, असं कारण दिलं गेलं. ती कोर्टात गेली आणि परवाना घेऊन आली. आग लागली तर काय, हा प्रश्न मीही नोकरीच्या मुलाखतीत ऐकला आहे. आग लागली तर काय करायचं ते इमारत बांधणाऱ्याला विचारा, हे उत्तर त्या वेळी मला सुचलं नव्हतं.

दुसरी घटना जपानमधल्या कावासाकीची. तिथे व्हीलचेअर घेऊन बसमध्ये चढायला मनाई नव्हती, पण अटी होत्या: सोबत माणूस हवा, खुर्ची घडी करायची आणि प्रवाशानं साध्या आसनावर बसायचं. ज्याचं शरीर त्या आसनावर टिकत नाही त्यानं काय करायचं याचं उत्तर नव्हतं. 12 एप्रिल 1977 रोजी 'आओई शिबा नो काई' या सेरेब्रल पाल्सी असलेल्यांच्या संघटनेचे सभासद मोठ्या संख्येनं कावासाकी स्थानकाबाहेर जमले आणि उभ्या बसगाड्यांत शिरले. सोबत कुणी नाही, खुर्चीवरून उतरायचं नाही. गाड्या तासन्‌तास अडल्या. बाकीचे प्रवासी संतापले, आणि त्यांचा संताप मला कळतो. दिवसभर काम करून घरी निघालेल्या माणसाची गाडी अडली होती. पण या संघटनेला लोकांची माया मिळवायचीच नव्हती. मायेचा त्यांना आलेला अनुभव फार वाईट होता. 1970 साली योकोहामात एका आईनं आपल्या सेरेब्रल पाल्सी असलेल्या चिमुकल्या मुलीला मारलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आईची दया येऊन तिला सौम्य शिक्षा व्हावी म्हणून सह्या गोळा केल्या. या संघटनेनं त्याला विरोध केला. आईवर त्यांचा राग नव्हता. मेलेल्या मुलीच्या बाजूनं एकही सही नव्हती, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

जपान म्हटलं की आपल्याला शिस्त, स्वच्छता आणि फलाटावरच्या पिवळ्या पट्ट्या आठवतात. त्या पट्ट्यांची हकीकत आनंदाची आहे. सेइइची मियाके नावाच्या माणसानं 1965 साली हे उठावाचे ठोकळे बनवले आणि 18 मार्च 1967 रोजी ओकायामा शहरात, अंध शाळेजवळच्या चौकात ते पहिल्यांदा बसवले गेले. लांब रेघा म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांबा. पायाच्या तळव्यानं वाचायची ही लिपी आता जगभर पसरली आहे. आपल्याकडेही मेट्रोच्या स्थानकांत आणि नव्या फुटपाथांवर ती आली. फक्त आपल्या कंत्राटदारानं ती नक्षी समजून लावली, त्यामुळे रेघा सरळ जाऊन विजेच्या डीपीवर किंवा झाडाच्या बुंध्यावर आपटतात, आणि ठिपके असतात तिथे थांबायचं काही कारणच नसतं. माझे एक अंध स्नेही म्हणतात, या पट्टीवरून चालण्यापेक्षा गटाराच्या वासावर चाललेलं जास्त भरवशाचं.

पण याच जपानमध्ये 1948 पासून 1996 पर्यंत अपंग संतती होऊ नये म्हणून केलेला असा कायदा होता की ज्याखाली सुमारे 25,000 लोकांची नसबंदी झाली, त्यांतल्या बहुतेकांची संमतीशिवाय. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा घटनाबाह्य होता असा निकाल दिला तो 3 जुलै 2024 रोजी. तोवर अनेक फिर्यादी म्हातारे झाले होते, काही वारले होते. स्वीडनची गोष्टही हीच. 1930च्या दशकापासून 1970च्या दशकापर्यंत तिथे साठ हजारांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांतल्या कितीतरी दबावाखाली, बहुतेक स्त्रियांवर. ही कल्याणकारी राज्यं होती. किंबहुना कल्याणाचा खर्च वाचावा हेही त्यामागचं एक कारण होतं. म्हणून श्रीमंत देश म्हणजे अपंगांचा स्वर्ग, हे समीकरण मला मान्य नाही.

अमेरिकेकडे पुन्हा एकदा जाऊ, कारण कायदा झाला म्हणून बस आली असं तिथेही झालं नाही. जुलै 1978 मध्ये डेन्व्हर शहरात एकोणीस अपंग माणसं भर चौकात बसच्या पुढे आणि मागे आपल्या खुर्च्या लावून बसली. काही जण खुर्चीतून उतरून डांबरावर आडवे झाले, आणि रात्रही त्यांनी रस्त्यावर काढली. बसला लिफ्ट हवी, एवढीच मागणी. मार्च 1990 मध्ये वॉशिंग्टनला संसदभवनाच्या पायऱ्या माणसं कुबड्या टाकून, खुर्च्या सोडून हातांवर सरपटत चढली. त्यांत आठ वर्षांची एक मुलगी होती. त्या वर्षी 26 जुलैला अमेरिकेचा अपंगांविषयीचा मोठा कायदा झाला. आणि त्याच अमेरिकेच्या सिनेटनं 2012 साली संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्कांचा करार फेटाळला. बाजूनं 61 मतं, विरोधात 38. दोनतृतीयांशाला पाच कमी पडली. युद्धात जायबंदी झालेले माजी सिनेटर बॉब डोल त्या दिवशी व्हीलचेअरवरून सभागृहात आले होते. त्यांच्याशी हस्तांदोलन करून सहकाऱ्यांनी विरोधी मत दिलं. भारतानं तो करार 1 ऑक्टोबर 2007 रोजीच मंजूर केला होता. म्हणजे कागदावर आपण अमेरिकेच्या पुढे आहोत. तेवढा आनंद घ्यायला हरकत नाही.

इंग्लंडचं उदाहरण मला सर्वांत शिकवणारं वाटतं, कारण तिथे बस आली, उतार आला, खुर्चीसाठी राखीव जागाही आली, आणि तरी प्रश्न उरला. 2012 साली डग पॉली हे गृहस्थ वेदरबीहून लीड्सला निघाले होते. खुर्चीच्या जागेत एक बाई झोपलेल्या बाळाची बाबागाडी घेऊन उभ्या होत्या. ड्रायव्हरनं त्यांना विनंती केली. गाडी घडी होत नाही असं त्या म्हणाल्या. पॉलींना उतरून पुढच्या बसची वाट पाहावी लागली. हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी 2017 मध्ये निकाल लागला: नुसती विनंती करून सोडून देणं पुरेसं नाही, ड्रायव्हरनं त्यापुढे जायला हवं, वेळ पडल्यास काही मिनिटं गाडी थांबवून धरायला हवी. मात्र कुणाला सक्तीनं खाली उतरवा असं न्यायालय म्हणालं नाही. बघा, इथे भांडण सरकारशी किंवा कंपनीशी राहिलेलं नाही. दोन अडलेल्या माणसांत एक जागा आहे. बाळाच्या आईला मी खलनायिका म्हणणार नाही. आपल्या मुंबईच्या लोकलमध्ये अपंगांच्या डब्यात कर्करोगाचे रुग्ण आणि गरोदर बायकांनाही मुभा असते, आणि ते योग्यच आहे. पण त्या डब्यात धडधाकट माणूस मांडी घालून बसलेला असतो आणि कुबडीवाल्याला सर्टिफिकेट विचारतो, तेव्हा न्यायालय कुठून आणायचं?

आफ्रिकेकडे आपण सहसा कीव करण्यासाठी पाहतो. काँगो नदीच्या दोन तीरांवर किन्शासा आणि ब्राझाव्हिल या दोन राजधान्या समोरासमोर आहेत. मध्ये फेरीबोट. या बोटीवर अपंगांना भाड्यात आणि जकातीत सवलत होती. ती देणाऱ्याच्या मनात दया असेल. घेणाऱ्यांनी तिचा धंदा केला. मोठमोठ्या तीनचाकी सायकली बांधून घेतल्या, त्यांत माल भरला, ढकलायला धडधाकट पोरं पगारावर ठेवली, आणि या काठाचा माल त्या काठाला विकून संसार उभे केले. जकातवाल्यांशी कटकटीही झाल्या. मला ही गोष्ट फार आवडते. एसटीच्या 75 टक्के सवलतीच्या पासवर गावोगावी फिरून उदबत्त्या, पेनं आणि लॉटरीची तिकिटं विकणारे आमचे लोक मला त्यात दिसतात.

आणि युगांडा. या देशाच्या 1995च्या राज्यघटनेत मूकबधिरांच्या हातांच्या भाषेचा उल्लेख आहे. तिथल्या संसदेत अपंगांचे पाच प्रतिनिधी बसतात, आणि गावपातळीपासून जिल्ह्यापर्यंत प्रत्येक स्थानिक परिषदेत अपंगांसाठी जागा असतात, स्त्रीला वेगळी आणि पुरुषाला वेगळी. युगांडात सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. तिथल्या टॅक्सीव्हॅनमध्ये व्हीलचेअर चढत नाही आणि खेड्यातल्या शाळेला उतार नसतो. पक्षाच्या ओंजळीनं पाणी पिणारे प्रतिनिधीही निघतात. पण गावच्या सभेत रस्त्याचा विषय निघाला की एक माणूस तिथे बसलेला असतो ज्याला रस्ता म्हणजे काय हे हाडांतून माहीत असतं. जपानला ही गोष्ट 2019 साली जेमतेम जमली, जेव्हा यासुहिको फुनागो आणि एइको किमुरा हे दोघे वरिष्ठ सभागृहात निवडून आले. दोघांनाही चोवीस तास मदतनीस लागतो. त्यांच्यासाठी सभागृहातली आसनं हलवावी लागली, आणि मग कामाच्या वेळेत मदतनिसाचा पगार कुणी द्यायचा हा प्रश्न खुद्द संसदेच्या दारात उभा राहिला.

आता आपल्याकडे. आपल्याकडे रॅम्पची जागा घरच्या माणसांनी घेतली आहे. वडिलांच्या खांद्यावर, भावाच्या सायकलवर, आईच्या कडेवर अपंग मूल वाढतं. मलाही असंच वाढवलं. याचं मोल मी कमी लेखणार नाही. पण आई साठीची होते तेव्हा मुलगा पस्तिशीचा असतो आणि त्याचं वजन कमी झालेलं नसतं. गतिमंद, स्वमग्न किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचे आईबाप जमतात तिथे शेवटी एकच प्रश्न निघतो: आमच्या माघारी काय? त्यावर 1999 साली आपण राष्ट्रीय न्यास कायदा केला. तो मुख्यतः पालक नेमून देतो. स्वीडननं 1994 पासून वेगळा मार्ग धरला. ज्याची गरज मोठी आहे त्याला मदतनिसाचे तास सरकार मंजूर करतं आणि मदतनीस कोण हे तो स्वतः ठरवतो. अडॉल्फ रात्स्का या पोलिओग्रस्त माणसानं स्टॉकहोममध्ये सहकारी संस्था काढून आधी हे करून दाखवलं, मग कायदा झाला. हल्ली तिथेही तासांना कात्री लागते आहे, आणि लोक पुन्हा कागद घेऊन रांगेत उभे आहेत.

आपण जगाला काही दिलंच नाही असंही नाही. 1968च्या सुमारास जयपूरला रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा पाय बनवला. परदेशी कृत्रिम पायाला बूट लागायचा. त्यावर उकिडवं बसता येत नव्हतं, मांडी घालता येत नव्हती, चिखलात भाताची लावणी करता येत नव्हती. जयपूर फूट अनवाणी चालतो. सुरुंगांनी पाय गेलेल्या अफगाणिस्तानातल्या माणसांना तो पोचला, कारण तीही आपल्यासारखी जमिनीवर बसून जेवतात. ही सोय दिल्लीच्या समितीत जन्मली नाही. पेशंटला काय जमत नाही हे पाहणारा एक कारागीर तिथे होता.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' आपल्यापैकी पुष्कळांनी वाचलं असेल. ते वाचून डोळे पुसणारे मला भेटतात. त्यांना मी विचारतो, नसीमाताईंनी 1984 साली काढलेल्या संस्थेनं वसतिगृह का बांधलं? मुलं हुशार होती, शाळा होत्या, पण रोज जायचं कसं याला उत्तर नव्हतं, म्हणून. पुन्हा बसच. मुरलीकांत पेटकरांचं नावही असंच भारावून घेतलं जातं. सांगली जिल्ह्यातल्या या जवानानं 1965च्या युद्धात गोळ्या झेलल्या आणि 1972 साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. त्या वर्षीची अपंगांची स्पर्धा ऑलिंपिकच्या म्युनिकला झाली नाही, कारण तिथलं क्रीडाग्राम स्पर्धा संपताच घरांसाठी वळवायचं ठरलं होतं. पदक मिळालं की आपण हार घालतो. ज्याला पदक मिळणार नाही, ज्याला नुसतं तलाठी कार्यालयात जाऊन सातबारा काढायचा आहे, त्याच्यासाठी हाराचा काय उपयोग?

कायद्याचं म्हणाल तर आपलं कपाट भरलेलं आहे. 1995चा कायदा होता, आता 2016चा आहे. त्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि सरकारी नोकरीत 4 टक्के जागा आहेत. महाराष्ट्रात डिसेंबर 2022 पासून दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातं आहे. शहरांत लो-फ्लोअर बस आल्या आहेत. त्यांच्या दारात घडीचा उतार असतो. तो उघडायचा तर बस थांब्याला चिकटून उभी राहायला हवी. थांब्यापुढे रिक्षा उभ्या असतात, म्हणून ड्रायव्हर बस चार फूट लांब थांबवतो, आणि लाखो रुपयांची ती बस माझ्यासाठी जुन्या एसटीइतकीच उंच होते. इथे पैसा कमी पडलेला नाही. त्या थांब्याची जागा ठरवताना, रिक्षाथांबा कुठे द्यायचा हे ठरवताना, ड्रायव्हरचं प्रशिक्षण आखताना आमच्यातलं कुणी त्या खोलीत नव्हतं.

म्हणून स्वीडनचे मदतनीस आणि जपानचे फलाट मागण्याआधी मी युगांडाची गोष्ट मागतो. तिला निधी लागत नाही. तामिळनाडूनं 2025 साली तिथल्या ग्रामपंचायतींत आणि नगरपालिकांत अपंग सदस्य नेमण्याचा कायदा केला आहे. नेमणूक म्हणजे निवडणूक नव्हे, आणि नेमलेला माणूस नेमणाऱ्याचं ऐकतो हा धोका मला दिसतो. तरीही खोलीत बसलेल्या माणसाला बाहेर उभ्या असलेल्यापेक्षा जास्त ऐकू येतं. महाराष्ट्रात हे व्हावं यासाठी आमच्या काही संघटना निवेदन तयार करत आहेत. त्यात ग्रामपंचायत आणि नगरपालिका आहेतच. शहर परिवहनाच्या समितीवर आणि एसटीच्या विभागीय पातळीवरही आमचा माणूस असावा, असं कलम मी घालायला लावलं आहे. निवेदनाच्या प्रती बाहेरच्या टेबलावर आहेत. वाचून पटलं नाही तर सही करू नका, पण काय पटलं नाही ते आता प्रश्नोत्तरांत सांगा. संयोजकांनी त्यासाठी अर्धा तास ठेवला आहे.